आगीनंतरची राख सूर्यास्तापूर्वी काढण्याची घाई करू नका

गेल्या महिन्यात साताऱ्याला माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात फ्रीजमागच्या वायरीने पेट घेतला. माणसे सुखरूप बाहेर पडली, अग्निशमन दलाचा बंब वेळेवर आला आणि स्वयंपाकघर व त्याला लागून असलेली खोली एवढ्यावर निभावले. त्यानंतरच्या दोन दिवसांत जे नुकसान झाले, ते मात्र एका व्हॉट्सॲप संदेशाने केले. ‘घराला आग लागल्यावर ताबडतोब करायच्या सहा गोष्टी’ हा तो संदेश. आतेभावाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी तीन निरनिराळ्या गटांतून आला. तिघांनी पाठवला म्हणजे खरा असणार, असे समजून त्याने तो शब्दशः अमलात आणला. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा जळके स्वयंपाकघर धुऊन पुसून मोकळे केलेले होते आणि ते पाहून मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. परवा तोच संदेश आमच्या कुटुंबाच्या गटावर पुन्हा फिरू लागला, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

संदेशातली पहिली सूचना अशी: जळालेले सामान घरात ठेवणे अशुभ असते आणि धुराचे विष भिंतींत मुरते, म्हणून सूर्यास्तापूर्वी सगळे बाहेर टाकून घर धुऊन काढावे. सहांपैकी सर्वांत घातक सूचना हीच आहे. आतेभावाच्या गृहकर्जासोबत बँकेने घराचा आगीचा विमाही उतरवलेला होता. घरातल्या कोणालाही त्याची आठवण नव्हती. कर्जाच्या फायलीची प्रत मागितली तेव्हा त्यात पॉलिसी सापडली. ती ‘भारत गृह रक्षा’ या नावाची होती. विमा नियामकाच्या आदेशाने 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी ही एकसारख्या मजकुराची पॉलिसी विकली जाते, त्यामुळे अलीकडे कर्ज घेतलेल्या अनेकांच्या फायलीत ती असण्याची शक्यता आहे. तिच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिले आहे की, कंपनीने पाहणी करून संमती देईपर्यंत विमेदाराने नुकसान झालेल्या वस्तू विकू, देऊ किंवा टाकू नयेत, धुणे-पुसणे करू नये, राडारोडा हलवू नये आणि दुरुस्तीही करू नये. अपवाद फक्त माणसांचा जीव वाचवण्यासाठी जे करावे लागेल त्याचा. म्हणजे संदेश जे जे करा म्हणतो, नेमके तेच पॉलिसी करू नका म्हणते.

नुकसानीची पाहणी करणारे विमा कंपनीचे सर्वेक्षक आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “फ्रीज कुठे आहे?” आग जिथून सुरू झाली ती वस्तू आतेभावाने आदल्या दिवशीच भंगारवाल्याला सातशे रुपयांना दिली होती. मिक्सर, गॅसची शेगडी, वितळलेल्या डब्यांचा लगदा आणि अर्धवट जळालेले लाकडी फडताळ टेम्पोत भरून गेले होते, आणि यातल्या एकाही वस्तूचा फोटो कोणी काढलेला नव्हता. त्या पॉलिसीत घराच्या इमारतीबरोबर आतले सामानही आपोआप धरले जाते. त्याची मर्यादा इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के असून ती जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत जाते. पण जे सामान नाही, ते होते हे सिद्ध कशाने करायचे? शेवटी दिवाळीतल्या एका फोटोत आत्याच्या पाठीमागे फ्रीजचा अर्धा दरवाजा दिसला, तो पुरावा म्हणून जोडला. सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी की, राडारोडा हटवण्याचा खर्चही हीच पॉलिसी दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत देते. आमच्या शहाण्याने तो टेम्पोवाल्याला स्वतःच्या खिशातून दिला.

या सूचनेत थोडे तथ्य आहे, तेही नाइलाजाने मान्य करतो. वायरींचे पीव्हीसी वेष्टण जळाल्यावर धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, आणि ती काजळी धातूवर दिवसेंदिवस बसून राहिली तर गंज चढतो. म्हणून स्वच्छता अनिश्चित काळ लांबवू नये हे खरे. पण त्यासाठी आधी कंपनीला फोन करून आणि लेखी कळवून पाहणी लवकर करून घ्यावी, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढावेत, वस्तूंची यादी करावी आणि अग्निशमन दलाकडे आगीच्या दाखल्यासाठी अर्ज द्यावा. शिवाय कोरडी काजळी पाणी मारून धुतली की ती भिंतीवर आणखी पसरते, हे आत्याच्या घराच्या राखाडी ओघळांवरून आता कोणालाही दाखवता येईल.

दुसरी सूचना: प्रत्येक गॅसग्राहकाला तेल कंपन्यांकडून 50 लाखांचा विमा असतो, तो वितरकाकडे मागावा. विमा असतो आणि त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही, इथपर्यंत बरोबर आहे. परंतु केंद्र सरकारने संसदेत वेळोवेळी दिलेल्या उत्तरांतले आकडे पाहावेत: मृत्यू झाल्यास प्रतिव्यक्ती 6 लाख रुपये, उपचारांसाठी प्रतिव्यक्ती जास्तीत जास्त 2 लाख आणि एका दुर्घटनेत सर्वांचे मिळून 30 लाखांपर्यंत, आणि नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी जास्तीत जास्त 2 लाख. तेही आगीचे मूळ कारण गॅस असेल तर. फ्रीजच्या वायरीने लागलेल्या आगीत सिलिंडर नुसता शेजारी उभा होता, म्हणून वितरकाकडे भांडायला जाण्यात अर्थ नव्हता. आतेभाऊ गेलाच, आणि अर्धा दिवस घालवून परत आला.

तिसऱ्या सूचनेने आत्याला रडवले. तांदळाच्या स्टीलच्या डब्यात तिने पाचशेच्या नोटांची घडी रबर लावून ठेवली होती. डबा तापल्यामुळे नोटा काळपट तपकिरी होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. क्रमांक दिसला की कोणतीही बँक नोट बदलून देते असे संदेशात असल्याने आतेभावाने त्या चाकूच्या पात्याने सोलायला घेतल्या, आणि वरच्या दोन नोटांचा त्याच्या हातातच भुगा झाला. नोट परताव्याच्या नियमांत क्रमांकापेक्षा शिल्लक क्षेत्रफळाला महत्त्व आहे. 50 रुपयांच्या व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा 80 टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण किंमत मिळते, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी. हे झाले फाटलेल्या नोटांचे. जळून ठिसूळ झालेल्या किंवा सुट्या करता न येणाऱ्या नोटा बँकेची शाखा स्वीकारत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात (इश्यू ऑफिसमध्ये), म्हणजे महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर किंवा नागपूरला न्याव्या लागतात आणि तिथे विशेष पद्धतीने त्यांची छाननी होते. म्हणून गठ्ठा जसा आहे तसा, न सोलता, कापसात ठेवून डब्यात बंद करावा. उरलेला गठ्ठा आता तसाच ठेवला आहे.

मूळ खरेदीखत जळाले की घरावरचा हक्क जातो आणि 24 तासांत वकिलाकडून नवे करून घ्यावे लागते, या चौथ्या सूचनेवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. नोंदणीकृत दस्ताची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयात राहते. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 57 प्रमाणे त्याची प्रमाणित नक्कल मिळते आणि मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करण्यासाठी ती पुराव्यात ग्राह्य धरली जाते. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागून फायली जळाल्या, म्हणून सरकारचा राज्यावरचा हक्क गेला नाही.

पाचवी सूचना, मेन स्विच चालू करून पंखे पूर्ण वेगाने लावावेत म्हणजे धूर निघून जातो, ही तर जिवावर बेतणारी आहे. उष्णतेने वायरींचे वेष्टण भिंतीच्या आत वितळलेले असते आणि वर बंबाचे पाणी मुरलेले असते. परवानाधारक वायरमनने तपासणी केल्याशिवाय बटणाला हात लावू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एवढे पुरे आहे.

राहिली सहावी: झाकण घट्ट असेल तर बरणीतले आणि डब्यातले पदार्थ खाता येतात. उष्णतेने बंद डब्यातले अन्नही बिघडते आणि झाकणाच्या फटीतून धूर आत जातो, त्यामुळे ते फोटो काढून, यादीत लिहून टाकून द्यावे, औषधांचेही तेच. आत्याची कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी वरून जराही तडकलेली नव्हती. ती मी सर्वेक्षकांना दाखवून झाल्यावर मागच्या अंगणात रिकामी केली, आणि त्यावरून आत्या अजून माझ्याशी नीट बोलत नाही.