जुनाच पैसा, नवी बेरीज

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा माढ्याच्या मामांनी मला लीड्सला व्हिडिओ कॉल लावला. आधी ऊस दाखवला, सगळा एका अंगाला निजलेला. मग मोबाईल खाली धरला. जिथं काळी माती होती तिथं नुसता मुरूम आणि गोटे. "पीक पुढच्या साली येतंय की. माती कुठनं आणू लेका?"

सोलापूरच्या शाळामित्रांच्या ग्रुपवर तेव्हापासून एकच सूर आहे: हवामान बिघडवणारा धूर गोऱ्यांनी सोडला, भरपाई त्यांनीच द्यावी. खोटं नाही ते. पण इथं इंग्लंडात राहून त्यांची हिशेबाची वही जवळून बघतोय, आणि ती मला फार ओळखीची वाटते.

ब्रिटिश सरकारनं २०१९ मध्ये शब्द दिला, २०२१-२२ पासून पाच वर्षांत गरीब देशांना हवामानासाठी ११.६ अब्ज पौंड देऊ. आकडा हलला नाही. २०२३ मध्ये मोजायची रीत तेवढी बदलली. विकास बँकांना एरवीही जाणारा पैसा, संकटातल्या देशांच्या मदतीतला वाटा, हेही त्यात धरलं. परदेशी मदतीवर नजर ठेवणाऱ्या त्यांच्याच स्वतंत्र आयोगानं दाखवून दिलं की अशा बेरजेनं १.७ अब्जांहून जास्त पौंड 'वाढले'. एकूण परदेशी मदत मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आली. २०२७ पर्यंत ती ०.३ होणार, कारण संरक्षणाला पैसा हवाय.

आता आपलं बघा. पुरानंतर राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, वर ३ लाखांपर्यंत मनरेगातून. मनरेगा काय पुरानंतर जन्मली? विरोधकांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. लंडनच्या हिशेबाला शिव्या घालणारे माझे मित्र मात्र या बेरजेला अंगठे दाखवत होते, पसंतीचे.

(ऑफिसातला एक जण चहा घेताना म्हणतो, आमचा टॅक्स तुमच्या देशात जातो. २०१५ पासून थेट अनुदान बंद आहे, आता जाते ती बहुतेक गुंतवणूक, परताव्याच्या बोलीवर, असं मी सांगतो. "असं होय," म्हणतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.)

२००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर कबूल केले, 'नवे आणि जादा' म्हणून. ते भरले २०२२ ला, त्यातही बरंचसं कर्ज. २०२४ ला बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज ठरले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीनं भर सभेत त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. मला फार बरं वाटलं. तोच शब्द मी आपल्या पॅकेजला ग्रुपवर वापरला, तर लगेच उत्तर: तिकडं बसून शिकवू नको.

मामांना पौंडही माहीत नाहीत आणि बाकूही. गेल्या रविवारी ते तळ्यातला गाळ ट्रॉलीनं आणून रानात पसरत होते, पदरच्या पैशानं. मी पॅकेजचं विचारायला लागलो, तर मूठभर गाळ त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. "ते राहू दे. ह्यो चांगलाय बघ."