पाडायचं नाही म्हणणारे आर्किटेक्ट

१९९६ची गोष्ट. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातला लेओं ओकॉक नावाचा एक छोटा चौक सुशोभित करायचं काम ॲन लाकातों आणि ज्याँ-फिलिप वासाल या आर्किटेक्ट जोडीकडे आलं. दोघं तिथे जाऊन नुसतं बघत राहिले. कडेने झाडं, बाकं, भोवती साधी नेटकी घरं. रहिवाशांशी बोलले आणि कळवलं, इथे काही नवं करायची गरज नाही. खडी बदला, झाडांची निगा राखा, झाडलोट वरचेवर करा. बस्स.

हातात आलेलं काम असं परत करायला छाती लागते. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

वासाल यांचा जन्म कासाब्लांकाचा. बोर्दोत शिक्षण झाल्यावर ते आफ्रिकेतल्या नायजरला नगररचनेचं काम करायला गेले. तिथे दोघांनी फांद्या आणि गवताची झोपडी उभारली. दोन वर्षांत वाऱ्याने नेली! थोडक्यात भागवायचं कसं, ते दोघं तिथेच शिकले असं मला वाटतं. पुढे १९९३मध्ये एका कुटुंबाला बेताच्या पैशांत मोठं घर हवं होतं, तर त्यांनी चक्क ग्रीनहाऊसला वापरतात ते पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे उजेड आत येऊ देणाऱ्या प्लास्टिकचे, पत्रे लावून दिलं. २०२१ला दोघांना प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या लाकातों या पहिल्या फ्रेंच स्त्री.

पण मी अडकले ते ग्राँ पार्कवर. बोर्दोतल्याच साठच्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरं, सगळी कमी भाड्याची. पाडायचा विचार चालू होता. यांनी आणखी दोन आर्किटेक्टना सोबत घेऊन बाहेरून नवा सांगाडा जोडला, लहान खिडक्या काढून सरकती काचेची दारं बसवली, पुढे ऐसपैस गॅलऱ्या दिल्या. काही घरं जवळजवळ दुप्पट झाली. खर्च, पाडून नवं बांधण्याच्या एक तृतीयांश. आणि एकाही कुटुंबाला घर सोडावं लागलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा तीन वर्षं भाड्याच्या घरात काढली आहेत. शेजारच्या आजी नव्या घराची वाट बघत तिकडेच गेल्या. आईने गॅलरीतला मोगरा जिवापाड जपून बरोबर नेला होता, पण त्या घरात ऊनच यायचं नाही.

ग्राँ पार्कच्या फोटोंत लोकांनी नव्या गॅलऱ्यांत जेवणाची टेबलं मांडलीत. आणि कुंड्या, कितीतरी कुंड्या.