साडू, वाई

महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्याने एका रात्रीचे साडेसहा हजार सांगितले. वर "नाश्ता फ्री आहे सर" असंही म्हणाला. साडेसहा हजारांत फुकट पडणाऱ्या उपम्याचा हिशेब करत मी फोन ठेवला, तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "भावजी, महाबळेश्वर कशाला? वाईला राहा. स्वस्त पडतं, शिवाय नदीकाठ. आणि वाईत आपली ओळख आहे."

ही ओळख म्हणजे मेहुण्याच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी साडू. त्याचं नाव मेहुण्याला माहीत नव्हतं, आणि ज्याचा तो साडू होता त्याने नंबर पाठवला तोही 'साडू वाई' याच नावाने. मीही तसाच सेव्ह केला. पुढचे दोन दिवस माझं सगळं नशीब या साडूच्या हातात होतं आणि अजूनही मला त्याचं नाव ठाऊक नाही.

फोनवर माणूस मोकळा वाटला. "या की निवांत."

"शनिवारी येतोय. चौघं आहोत. एक खोली मिळाली तरी..."

"या की."

"भाडं साधारण किती...?"

"पैशाचं काय घेऊन बसलाय साहेब!"

हे वाक्य मी याआधी तीनदा ऐकलेलं आहे. एकदा सुताराकडून, एकदा केटररकडून आणि एकदा दातांच्या डॉक्टरांकडून. तरीही मी निश्चिंत झालो, हे माझं दुर्दैव.

राहिला प्रवास. गाडीवाल्याने जाऊन-येऊन साडेपाच हजार आणि ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता वेगळा सांगितला. म्हणजे माझ्या पैशाने ड्रायव्हरची वाईत राहायची सोय पक्की आणि माझी साडूच्या भरवशावर. त्यापेक्षा आपली एसटी बरी, असं सासूबाईच म्हणाल्या. त्या म्हणणारच. त्यांना पंचाहत्तर पूर्ण झालेली असल्याने तिकीट शून्य. बायकोला महिला म्हणून अर्धं. चिरंजीव दहा वर्षांचे, त्यांनाही अर्धं. आमच्या घरात महामंडळाला पूर्ण पैसे देणारा मी एकटा, आणि स्वारगेट ते वाई उभा राहिलो तोही मी एकटा.

वास्तविक जागा धरायला खिडकीतून रुमाल मीच टाकला होता. पण आतल्या एका आजोबांनी तो उचलून घाम पुसला आणि घडी करून मला परत दिला. "पडला होता तुमचा," म्हणाले. अशा सज्जनाशी भांडण कसं काढणार?

शिरवळपर्यंत ठीक चाललं होतं. खंबाटकी घाटाची तेव्हाची गंमत अशी की पुण्याकडे येताना बोगदा होता, जाताना मात्र जुना घाट चढावा लागायचा. शनिवारी सकाळी सगळं पुणे जात असतं. येत कुणीच नसतं. त्यामुळे बोगदा मोकळा आणि घाट गच्च. पाऊण तासात आम्ही दोन वळणं घेतली. सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. माझ्या वाट्याची पुरी तीन प्रवाशांच्या हातांतून माझ्यापर्यंत आली तेव्हा तिचा आकार अर्ध्या तिकिटाएवढा उरला होता.

सुरूर फाट्याला गाडी वळली आणि मी साडूला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वाईच्या स्टँडवर उतरून लावला. बाहेरच. चहा पिऊन लावला. तोवर दोन वाजले होते आणि बायको काही बोलत नव्हती. ती बोलत नसते तेव्हा तिच्या भावाबद्दल काही बोलण्यात अर्थ नसतो.

"आपण लॉज बघू," मी म्हणालो.

पहिल्या लॉजच्या बोर्डावर 'रूम्स ९०० पासून' असं ठळक लिहिलं होतं. काउंटरवरच्या माणसाने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "फॅमिली?" माझ्याबरोबर बायको, मुलगा, शहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि त्यांची गुडघ्याच्या तेलाची बाटली होती. मी हो म्हणालो.

"अठ्ठावीसशे."

"बाहेर नऊशेपासून लिहिलंय."

"ते 'पासून' हाय," तो शांतपणे म्हणाला. "'पर्यंत' वेगळं."

दुसरीकडे चौदाशे सांगितले. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि 'रिव्हर व्ह्यू'. नदी कुठे दिसते म्हणून विचारलं, तर पोराने मला बाथरूममध्ये नेलं, बादली पालथी घातली आणि चढायला सांगितलं. वरच्या झडपेतून, दोन टाक्यांच्या मधून, कृष्णामाई हातभर दिसत होती. गरम पाणी सकाळी सहा ते सात, तेही याच बादलीने. म्हणजे त्या तासात व्ह्यू बंद. चेक-आउट सकाळी नऊ. बायकोने उशी दोन बोटांनी दाबली, बोटांचा वास घेतला आणि "आईला विचारून येते" म्हणून खाली गेली. तीन मजले उतरून, विचारविनिमय करून, परत चढून येईपर्यंत मुंबईच्या एका कुटुंबाने व्ह्यूसकट खोली घेतलेली होती.

तिसऱ्या लॉजवाल्या काकांनी निदान कारण तरी सांगितलं. एक तर कृष्णाबाईचा उत्सव चाललेला. वाईत सात घाट, प्रत्येक घाटाची आपली कृष्णाबाई, आणि उत्सव पाळीपाळीने. त्यामुळे या दिवसांत गावातल्या घराघरांत पाहुणे. दुसरं म्हणजे तुम्ही. "आम्ही?" मी म्हणालो. तुम्ही म्हणजे तुमच्यासारखे, असं म्हणून त्यांनी हिशेब मांडला. महाबळेश्वर ज्यांना परवडत नाही ते पाचगणीला उतरतात. पाचगणी परवडत नाही ते पसरणीचा घाट उतरून वाईत येतात. तिकडून ते उतरत होते, इकडून आम्ही चढत होतो, आणि सगळे मिळून त्या काकांच्या काउंटरसमोर उभे होतो.

"मठात विचारा," त्यांनी सुचवलं. मठात विचारलं. तिथे खोली होती. पण रात्री कीर्तनाला आणि पहाटे काकड्याला बसायची अट होती. सासूबाई तयार होत्या. चिरंजीवांनी भोकाड पसरलं.

शेवटी चार बॅगा घेऊन आम्ही गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीसमोर येऊन बसलो. हे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. गणपती एवढा भव्य की त्याच्याकडे बघून आपल्या पोटाविषयी वाटणारी लाज कमी होते. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं, देवळाला धक्का लागत नाही. अशी पाठ मला असती तर स्वारगेटच्या गर्दीत मीही तरलो असतो.

"बाबा, इथे विश्वकोश लिहिला ना?" मुलाने विचारलं. शाळेत कधी नव्हे ते लक्ष दिलं होतं. लिहिला, बाळा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावात बसून ज्ञानाचे जाडजूड खंड उभे केले.

"मग त्यात बघा ना, राहायचं कुठे ते."

साडेसहाला फोन वाजला. साडू वाई. "अहो आहात कुठं? मी केव्हाचा वाट बघतोय!" आवाजात खरोखर तक्रार होती. मी चक्क माफी मागितली. दहा मिनिटांत ते स्कूटरवर हजर झाले. एक बॅग पुढे, एक हँडलला, आणि सासूबाईंना "बसा आई" म्हणून मागे घेऊन निघूनही गेले. आयुष्यात माझ्या स्कूटरवर कधी न बसलेल्या सासूबाई तेलाची बाटली पोटाशी धरून घाटावरच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. आम्ही तिघं मागे पायी.

साडूंची सोय म्हणजे त्यांच्या मित्राचं मंगल कार्यालय. खोलीच्या दारावर पाटी होती: वरपक्ष. आत कोपऱ्यात छतापर्यंत गाद्या रचलेल्या, चार पंखे, त्यातला एक फिरणारा, आणि भिंतभर आरसा. आरशाच्या कडेला आजवरच्या करवल्यांनी चिकटवून विसरलेल्या टिकल्या होत्या. मुलाने मोजल्या. त्रेसष्ट.

"उद्या इथं लग्न आहे," साडू म्हणाले, "पण तुमचा काही संबंध नाही. वरपक्षाला दुसरी मोठी खोली दिलीय. आज हळद आहे, डीजे दहाला बंद होतो."

डीजे दहाला बंद झाला. मग बँजो सुरू झाला.

रविवारी सकाळी मेणवलीला जायचं ठरलं. तीन किलोमीटर. रिक्षावाल्याने जाऊन-येऊन, तिथे थांबून, चारशे म्हटल्यावर एका मावशींनीच "वडापनं जावा की" म्हणून जीप दाखवली. साताऱ्याकडे शेअर जीपला वडाप म्हणतात. वडाप घड्याळावर सुटत नाही, भरल्यावर सुटतं, आणि ते भरलं की नाही हे फक्त ड्रायव्हरला कळतं. माझ्या मते आम्ही चढलो तेव्हाच ते भरलेलं होतं. त्याच्या मते अजून पाच सीट बाकी होत्या. चाळीस मिनिटांच्या प्रवासात तीस मिनिटं आम्ही वाईतच होतो. माझ्या मांडीवर आमचा मुलगा, मुलाच्या मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची जुडी.

पण मेणवलीचा घाट बघितला आणि बायको शनिवारपासून पहिल्यांदा आपणहून बोलली. "छान आहे हो." चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, वर नाना फडणवीसांचा वाडा, आणि देवळाशेजारी ती पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाची. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि ती महादेवाच्या शेजारी निवांत टांगलेली आहे. मला मात्र ती वसईहून इथवर आणणाऱ्या माणसांची काळजी वाटली. वाटेत मुक्कामाची सोय कुणी केली असेल? त्यांचीही कुठेतरी ओळख असणारच.

अकराच्या सुमाराला बॅगा उचलायला आम्ही कार्यालयात परतलो आणि तिथेच चुकलं. मी दोन्ही हातांत बॅगा घेऊन 'वरपक्ष' पाटीच्या दारातून बाहेर पडलो, तर दाराशीच फेटेवाला बसला होता. त्याने काही विचारलं नाही. खांदा धरून स्टुलावर बसवलं, "मान सरळ" म्हणाला आणि एक टोक माझ्या दातांत दिलं. दातांत कापड असताना माणूस 'मी यांच्यातला नाही' हे वाक्य बोलू शकत नाही. मी प्रयत्न केला. फेटेवाल्याला तो उत्साह वाटला आणि त्याने तुरा आणखी मोठा काढला.

फेट्यासकट मी सासूबाईंना शोधायला मांडवात गेलो. त्या पहिल्या रांगेत होत्या, मुठीत अक्षता, आणि शेजारच्या बाईंना आमचं सगळं सांगून झालेलं.

"आई, निघायचंय."

"बारा पस्तीसचा मुहूर्त आहे. अक्षता हातात घेऊन उठतात का?"

बायकोला कोपऱ्यात घेतलं. ती म्हणाली, "जेवून निघालो तर आहेर द्यायला हवा."

"मग न जेवता निघू."

तिने बोट दाखवलं. चिरंजीव जिलबीच्या परातीजवळ उभे होते. हातात एक, तोंडात एक.

कार्यालयाशेजारच्या दुकानातून पाकीट आणलं. मी एकशे एक म्हणालो. "चौघं जेवणार, त्यात तुमच्या डोक्यावर फेटा," बायको म्हणाली. पाचशे एक ठरले. पाकिटावर आमचं आडनाव तिने इतक्या बारीक अक्षरात लिहिलं की वाचणाऱ्याला भिंग लागावं. स्टेजवर नवरा-नवरी दोघंही पाया पडले. फोटोग्राफरने "काका जरा आत सरका, वहिनी हसा" करत आम्हाला नवरदेवाच्या आत्याच्या शेजारी उभं केलं. मसालेभात आणि मठ्ठा उत्तम होता, हे मात्र सांगायला हवं. जिलबीला सासूबाईंनी दहापैकी सात दिले.

निघताना साडूंना भेटलो. "खोलीचं काय द्यायचं?"

"छे छे, खोलीचं काही नाही!" त्यांनी माझा हात हातात घेतला. "लाइटबिल, साफसफाई आणि गाद्यांचं मिळून बाराशे द्या फक्त."

चार वाजताची गाडी मिळाली. या वेळी बसायलाही मिळालं, कारण तुरेवाला फेटा बघून एका पोराने उठून जागा दिली. बायको मोबाइलवर काहीतरी बेरीज करत होती, मी तिकडे बघितलं नाही. कंडक्टर आले. एक शून्य, दोन अर्धी, एक पूर्ण. सुटे देता देता त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं.

"लग्नाला आलता वाटतं पाव्हणं?"

"हो."

"आमच्या वाईचंच का? कुणाचं लगीन?"

मी बायकोकडे बघितलं. बायकोने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"साडूंकडचं," मी म्हणालो.