पावणेसहा लाख वर्षं, पाऊण तासात

लोणारला मुक्काम करणं हे रिकामटेकड्यांचं काम. तुम्ही नोकरदार माणसं. पुण्याहून आमच्या मोर्शीकडं लग्नाला आलात, परवा परतीचं रिझर्वेशन आहे, मधला एक दिवस मोकळा सापडलाय. त्या एका दिवसात सालबर्डीचा गरम झरा, लोणारचं सरोवर, जमलंच तर सिंदखेडराजा आणि येता येता शेगाव, एवढं आरामात बसतं. मोबाइलच्या नकाशावर बघा, अंगठ्याखाली झाकलं जातं सगळं.

गाडी सात जणांची असेल तर दहा जण घ्या. मामा नको म्हणतील, त्यांना हटकून घ्या. गाडी लागते ती त्यांनाच, आणि लिंबू-सरबताला थांबायला घरातलंच कारण बरं. निघायची वेळ पहाटे चारची ठरवा, म्हणजे साडेसातपर्यंत निघणं होतं. मामी रात्रीच बेसन-भाकर, जवसाची चटणी आणि ठेचा बांधून ठेवतील. तुम्ही पांढराशुभ्र शर्ट घाला. फोटोत उठून दिसतो.

पहिली सालबर्डी. अर्धं गाव महाराष्ट्रात, अर्धं मध्य प्रदेशात. महाशिवरात्रीला इथं महादेवाच्या गुहेपाशी माणसांचा पूर लोटतो. तुम्ही आडवारी गेलात तर झरा तुमचाच. जाताना तांदळाची पुरचुंडी न्यायला विसरू नका. मणिकरणला कापडात बांधलेले तांदूळ कुंडात शिजतात हे तुम्ही कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेलं आहे, आणि गरम झरा म्हटला की तो इथूनतिथून सारखाच. आमच्या एका पाहुण्यानं पुरचुंडी पाण्यात सोडून घड्याळ लावलं होतं. वीस मिनिटांनी कपडे धुवायला आलेली म्हातारी त्याच्या शेजारी येऊन उकिडवी बसली. थोडा वेळ तिनंही पाहिलं. मग म्हणाली, "बापू, सांजलोक बसले तरी दाना नाई फुलनार. आंग धुवाचं पानी हाये थे."

म्हातारीचं ऐकू नका. पाणी थंड निघालं तर दोष द्यायला ज्वालामुखी आहेच. "खाली लाव्हा असणार, पण आता विझत चाललाय," हे वाक्य डोळे बारीक करून म्हणायचं. खरी गोष्ट फार मिळमिळीत आहे. इथला शेवटचा लाव्हा वाहिला त्याला साडेसहा कोटी वर्षं होत आली. तो निवून, फुटून, झिजून त्याचीच काळी माती झाली, आणि आम्ही तिच्यात कापूस लावतो. पाणी तापतं ते वेगळ्याच हिशेबानं. सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडचा भ्रंश आहे, म्हणजे खडकाला गेलेली लांबलचक चीर. पावसाचं पाणी अशा भेगांतून खोल उतरतं. एक किलोमीटर खाली गेलं की साधारण पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढते, आणि तापलेलं पाणी दुसऱ्या वाटेनं वर येतं. यात धूर नाही, स्फोट नाही, रील तर मुळीच होत नाही. म्हणून हे कुणाला सांगू नका. ज्वालामुखी बघायचाच असेल तर गाडीच्या चाकाला चिकटलेला चिखल बघा. पण तो काढायला तुम्ही आधीच काडी शोधताय.

आता अमरावतीवरून समृद्धी महामार्ग धरा आणि मेहकरला उतरा. या पट्ट्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळे झोपलेले असतात.

लोणारला पोचायला दुपारचा एक वाजला पाहिजे. उन्हं माथ्यावर असली की कड्यावरून खाली बघताना डोळे मिटतात आणि विवर मोठं वाटत नाही. पावणेदोन किलोमीटरच्या वर व्यास, काठापासून तळ दीडशे मीटरच्या आसपास खाली, आणि मधोमध शेवाळी रंगाचं पाणी. बघितल्या बघितल्या कुणीतरी "एवढंच?" म्हणायला हवं. ते तुम्ही म्हणा. नंतर गाइडला जाब विचारा की पाणी गुलाबी का नाही. २०२० च्या जूनमध्ये झालं होतं. पाणी आटून खार वाढला तेव्हा खारातच सुखानं राहणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांनी रंग चढवला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, पेट्रोल जाळलंत, तर एक दिवस गुलाबी ठेवायला यांचं काय जात होतं?

गाइड बिचारा उल्का म्हणेल. तुम्ही ज्वालामुखी म्हणा. तसं तुम्ही एकटे नाही; चांगले जाणते भूवैज्ञानिकही बराच काळ हे ज्वालामुखीचंच तोंड मानत होते. १९७३ च्या सुमारास तळात भोकं पाडून खडक वर काढला, त्यात उल्केच्या आघातानंच काच होणारं मस्केलिनाइट नावाचं खनिज सापडलं, आणि वाद मिटला. जगात बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या काळ्या खडकात, उल्केनं पाडलेली विवरं मोजकीच, त्यातलं हे एक. आमचा गाइड हे पाठ म्हणावं तसं म्हणत होता आणि आमचे पाहुणे त्याच्याकडे दयेनं बघत होते. शेवटी तो म्हणाला, "तुमाले ज्वालामुखीच पायजे असन तं घ्या जी. पैसे तेवढेच लागतेत."

विवराचं वय विचारू नका, घोळ होतो. आधी बावन्न हजार वर्षं धरत होते, पुढं खडकातल्या आरगॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीनं मोजलं तर पाच लाख सत्तर हजार निघाली. दहापट फरक. एवढा फरक आमच्याकडं फक्त लग्नपत्रिकेतली वेळ आणि मुहूर्त यांच्यात असतो. त्यापेक्षा लवणासुराची गोष्ट सोपी: तो खड्ड्यात लपून बसला, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारला. गावात दैत्यसूदनाचं, म्हणजे त्याच विष्णूचं, देऊळ आहे, त्याच्या दगडावर एकही जागा कोरायची ठेवलेली नाही. तिथं चार मिनिटं पुरेत. चपला बाहेर असतात आणि फरशी तापते.

खाली उतरून कमळजादेवीपर्यंत जायचं का? जायचं, पण निम्म्या वाटेवर मामांना बसवून ठेवायचं. रानातली पायवाट आहे, वानरं आहेत, डबा मामांपाशीच ठेवायचा म्हणजे वानरांची शोधाशोध वाचते. काठाशी गेलात की नाकाला कुबट वास येईल. "गंधक!" असं मोठ्यानं म्हणा आणि बोट पाण्यात घाला. बुळबुळीत लागतं, कपड्याच्या साबणाचं पाणी असावं तसं. सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास आहे, तेव्हा नवल नाही. एके काळी इथला खार काढून विकायचे.

मग गाइड खिशातून हळदीची पुडी काढतो. चिमूटभर हळद मामींच्या तळहातावर टाकतो, वर सरोवराचे चार थेंब. पिवळी हळद बघता बघता कुंकवासारखी लाल होते. मामी हात पुढं धरून तशाच उभ्या राहतात, बांगड्या मागं सरकवून, जणू तळहातावर काही जिवंत आहे. अशा वेळी खारट, अल्कधर्मी असले शब्द काढायचे नाहीत. मामींनी ते लाल बोट कपाळाला लावलं, देवीकडं तोंड करून हात जोडले, आणि परतीच्या चढावर त्या एकट्याच कुठंही न थांबता वर आल्या. आम्ही सगळे मागं धापा टाकत होतो.

पाऊण तास झाला. निघा. सिंदखेडराजा राहिलं, शेगाव राहिलं. त्यांचे फोटो नेटवरून घेऊन स्टेटसला टाका, तारीख कोण बघतं. डबा गाडीतच उघडा. समृद्धीवर गाडी जोरात असताना बेसनाचा घास भाकरीवरून घसरतो तो बरोबर पांढऱ्या शर्टाच्या खिशावर.

रात्री अकराला घरी पोचलात की शर्ट मोरीत टाका. मामी हळदीचा डाग बघून साबणाची वडी घासतील. डाग जाईल कशाला? उलट लालभडक होईल.

"अगं बाई," मामी म्हणतील, "देवी इथवर आली!"

शर्ट तसाच पिळून वाळत घाला. पुण्याला घेऊन जायला काहीतरी हवंच.