दुचाकीबंदीचा मेसेज आणि पासाचा हिशेब

मेसेज तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: ‘पुण्याच्या रस्त्यांची वाट दुचाक्यांनी लावली. प्रदूषण त्यांचं, अपघातही त्यांचेच. आता मेट्रो आलीय, तेव्हा मध्यवस्तीत दुचाकीबंदी करा. व्हिएतनामच्या हनोईनं केलं, आपल्याला का जमू नये? उरलेल्या इलेक्ट्रिक करा, प्रश्न मिटला.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा फिरला. पाठवणाऱ्या तिघांच्याही दारात चारचाकी आहे, हा योगायोग समजू.

‘रस्ते दुचाक्यांनी अडवले.’ 2018 मध्ये बातमी गाजली होती: शहराची लोकसंख्या 35 लाख आणि वाहनं 36 लाख, त्यातल्या बहुतेक दुचाक्या. हा आकडा आरटीओच्या नोंदणीचा. भंगारात गेलेल्या गाड्याही त्यात बऱ्याचदा तशाच राहतात. तरी दुचाक्या भरमसाट आहेत, हे मान्य. पण रस्ता संख्येनं भरत नाही, जागेनं भरतो. एक मोटार उभी राहते तिथे चार दुचाक्या सहज मावतात, आणि त्या मोटारीत बहुतेक वेळा एकटाच माणूस असतो. पेठांमधल्या रस्त्यांवर दुतर्फा उभ्या गाड्यांनी किती रुंदी खाल्लीय, ते एकदा चालत जाऊन पाहा. महापालिकेनं 2018 मध्येच पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, ते कागदावरच राहिलं. त्यावर मात्र मेसेज फिरत नाहीत. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं सांगितलं होतं की वाहनं नव्हे, माणसं हलवायची. त्या मापानं पायी चालणारा आणि बस पहिल्या, मग सायकल, त्यानंतर दुचाकी, आणि एकट्याची मोटार सगळ्यात शेवटी.

‘प्रदूषण त्यांचं.’ टू-स्ट्रोकच्या निळ्या धुराच्या जमान्यात हे खरं होतं. एप्रिल 2020 पासून नवी दुचाकी बीएस-6 चीच, म्हणजे धुराचे कडक निकष पाळणारीच असते. शंभर सीसीची गाडी लिटरला साठच्या आसपास किलोमीटर देते, मोटार पंधरा-वीस. पीयूसी नसलेल्या जुन्या गाड्या जरूर पकडा.

‘अपघात त्यांचेच.’ इथे मला गप्प बसावं लागतं. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यातले 44.5 टक्के दुचाकीवरचे. आणि आपल्याकडे हेल्मेटसक्तीचं नाव काढलं की विरोधाला कृती समिती उभी राहते! दूरचा विचार करणारं कुठलंही धोरण दुचाक्या वाढू द्या असं म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण ‘त्यांचेच अपघात’ या शब्दांत मेलेला आणि मारणारा एकच होऊन जातो, तेवढं तरी नको.

‘हनोईनं केलं.’ केलं नाही, ठरवलं. 2017 च्या ठरावात शहराच्या आतल्या भागासाठी 2030 ची मुदत होती, म्हणजे तयारीला तेरा वर्षं. 2025 चा आदेशही पेट्रोलवरच्या दुचाक्यांपुरता आणि पहिल्या रिंगरोडच्या आतला. घाई केली की काय होतं, ते इंडोनेशियातल्या जकार्तात दिसलं. 2014 मध्ये एका मुख्य रस्त्यावर बंदी घातली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ती 2018 मध्ये उठली.

‘इलेक्ट्रिक करा.’ करा ना. चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावलेलं हे शहर इलेक्ट्रिक चेतकही घेईल. पण ती उभी राहायला तितकीच जागा घेते, आणि वाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानं ती चार्ज कुठे करायची?

‘आता मेट्रो आलीय.’ हा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण सगळी मेख इथेच आहे. मेट्रो आली ती मोजक्या मार्गांवर. कात्रज, सिंहगड रस्ता, हडपसर इथला माणूस अजून बसच्याच भरवशावर आहे. आणि बस? केंद्राच्या निकषानुसार लाख लोकांमागे साठ बस हव्यात. 2011 च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साडेअठ्ठेचाळीस लाख होते, म्हणजे तेव्हाच्याच लोकसंख्येला 2,900 बस लागतात. पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या ताफ्याची गाडी दोन हजारांच्या आत-बाहेर अडखळते.

त्यात जून 2025 मध्ये मासिक पास 900 वरून 1,500 रुपये झाला. आता हिशेब मांडू. जाऊन-येऊन रोज वीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे पाचशे किलोमीटर. शहराच्या गर्दीत पन्नासचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी दहा लिटर पेट्रोल, हजार-अकराशे रुपये. मागे बायको बसली तरी तेवढंच. दोघांचे पास मात्र तीन हजार. सर्व्हिसिंग, टायर, विमा हे वेगळं, कबूल. पण गाडी आधीच दारात आहे, तिचा विमा तसाही भरायचाच. बाइक स्वस्त, वेळेवर निघणारी आणि दारातून सुटणारी. बसस्टॉपवर चाळीस मिनिटं उभं राहणारा माणूस पास का काढेल?

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी 2,900 बस, पास परत 900 वर, रस्त्यावरच्या पार्किंगला दाम, मेट्रो स्टेशनाखाली दुचाकी लावायला जागा. एसटीनं 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट दिलं, तसंच शहरातल्या बसलाही. एवढं करा आणि मग लक्ष्मी रस्त्यावर दुचाकी बंद करा. त्या दिवशी मी माझी पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवीन. तिघा मेसेजवाल्यांनी त्यांच्या मोटारीही ठेवाव्यात.