‘पैसा फेका, रायडर उचला’: सायकलिंगच्या ट्रान्सफरबद्दलच्या दाव्याला उत्तर

ऑगस्ट उजाडला की रोड सायकलिंगबद्दल एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: ‘इथेही आता फुटबॉलच झालंय. रायडर विकले जातात आणि जुन्या संघाला घसघशीत किंमत मिळते. 1 ऑगस्टला बाजार उघडतो आणि तिथून बोलणी सुरू होतात. रायडरबरोबर त्याचे यूसीआय (सायकलिंगची जागतिक संघटना) गुणही नव्या संघाकडे जातात. पाच वर्षांचा करार झाला की रायडरला पाच वर्षं घोर नाही. आणि चांगला माणूस शेवटी श्रीमंत संघाच्याच हाती लागतो.’ यातलं शेवटचं विधान अर्धं खरं आहे. बाकीची चार एकेक करून तपासू.

‘रायडर विकला जातो’

फुटबॉलमध्ये क्लबकडे खेळाडूची नोंदणी असते आणि तीच विकली जाते. सायकलिंगमध्ये विकायला तसं काही नसतंच. करार 1 जानेवारीला सुरू होतो आणि 31 डिसेंबरला संपतो. तो संपला की रायडर मोकळा, जुन्या संघाला छदामही मिळत नाही. दरवर्षीच्या बहुतेक ट्रान्सफर अशाच असतात. त्यामुळे ‘अमक्याला तमक्याने विकलं’ हे वाक्य बहुतेक वेळा मुळातच चुकीचं असतं.

करार शिल्लक असताना संघ बदलायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तीन सह्या लागतात: सध्याचा संघ, रायडर आणि नवा संघ. शिवाय यूसीआयची मंजुरी. जुना संघ सोडायला तयार होतो तो बहुधा भरपाई घेऊन, पण तिचा ठरलेला दर नाही आणि आकडाही सहसा जाहीर होत नाही. मजकुरात फिरणारे कोटींचे आकडे म्हणजे बव्हंशी एजंटांच्या कुजबुजीवरून बांधलेले अंदाज. रेम्को इव्हनेपूलचा सूदाल क्विक-स्टेपशी करार 2026 अखेरपर्यंत होता. रेड बुल-बोरा-हान्सग्रोहेने ऑगस्ट 2025 मध्ये त्याला 2026 पासून घेतल्याचं जाहीर केलं, म्हणजे शेवटचं वर्ष सोडवून घेतलं. प्रिमोझ रोग्लिचही करार बाकी असताना युम्बो-व्हिस्मामधून 2024 साठी बोराकडे (नावात रेड बुल येण्याआधीचा तोच संघ) गेला. प्रकार नवाही नाही. ब्रॅडली विगिन्सला गार्मिनच्या करारातून सोडवून स्काय संघाने 2010 साठी असंच घेतलं होतं.

तीनपैकी एक सही राहिली की काय होतं हे 2023 च्या डिसेंबरात दिसलं. व्हिस्माने (म्हणजे युम्बो-व्हिस्मानेच) सियान आउटडेब्रुक्सला घेतल्याची घोषणा केली आणि बोराने लगेच सांगितलं की त्याचा आमच्याशी करार 2024 अखेरपर्यंत आहे. रायडर नव्या संघाच्या सराव शिबिरात, कागदावर मात्र जुन्याच संघाचा. प्रकरण शेवटी आपसात मिटलं. वाउट व्हान आर्टचं तसं मिटलं नाही. त्याने सप्टेंबर 2018 मध्ये व्हेरांडास विलेम्स-क्रेलानशी करार एकतर्फी तोडला, मार्च 2019 पासून तो युम्बो-व्हिस्माकडून उतरला, आणि वाद बेल्जियमच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालला. दावा होता करारभंगाच्या भरपाईचा. खरेदी-विक्रीचा सौदा असता तर दोन संघांत रक्कम ठरली असती आणि रायडरला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

‘1 ऑगस्टला बोलणी सुरू होतात’

1 ऑगस्ट ही वर्षानुवर्षं जाहीर करण्याची तारीख राहिलेली आहे. त्या दिवशी सकाळपासून डझनावारी घोषणा येतात. पगार, कालावधी, बोनस, इमेज राइट्सचा वेगळा करार, सोबत येणारा मसाजवाला किंवा मेकॅनिक, हे सगळं एका सकाळीत ठरत नाही. बोलणी वसंतातल्या शर्यतींपासून चालू असतात.

लोकांच्या नजरेतून सुटते ती वर्षाची दुसरी तारीख, 31 डिसेंबर. तोवर रायडर जुन्या संघाचा पगारदार असतो. म्हणून डिसेंबरच्या शिबिरात नवे रायडर बिननावाच्या साध्या जर्सीत दिसतात, आणि नवी सायकल आधी हाती यायला जुन्या संघाची परवानगी लागते. ती उशिरा मिळाली तर सॅडलची उंची, क्रँकची लांबी, टाइम ट्रायलची बैठक बसवायला जानेवारीतल्या पहिल्या शर्यतीपर्यंत जेमतेम काही आठवडे उरतात. क्विक-स्टेप आणि बोरा दोघांकडेही स्पेशलाइज्डच्याच सायकली असल्यामुळे इव्हनेपूलला हा ताप तुलनेने कमी होता.

‘रायडरबरोबर गुण येतात’

हा दावा सगळ्यात चिवट आहे, कारण एके काळी तो खरा होता. दहा-पंधरा वर्षांपूर्वी वर्ल्डटूरचं (म्हणजे सर्वोच्च श्रेणीचं) लायसन्स देताना नव्या हंगामाच्या यादीतल्या रायडरांनी आधी मिळवलेले गुण धरले जात. त्यामुळे दूरच्या, छोट्या शर्यतींत गुण साठवलेल्या रायडरांना अचानक भाव यायचा.

आता तसं नाही. ज्या संघाच्या जर्सीत गुण मिळाले, ते त्या संघाच्याच खात्यावर राहतात. तीन वर्षांची बेरीज होते आणि पहिल्या 18 संघांना वर्ल्डटूरची जागा मिळते. 2020–2022 या फेरीअखेर लोटो सूदाल आणि इस्रायल-प्रीमियर टेक खाली गेले, आल्पेसिन-डेकेनिंक आणि आर्केआ-सॅमसिक वर आले. तेव्हा प्रत्येक संघाच्या पहिल्या 10 रायडरांचे गुण धरत; 2023 पासून पहिल्या 20 जणांचे धरतात.

दहाचे वीस झाल्याने घेण्या-सोडण्याचं गणितच बदललं. समजा संघात विसाव्या क्रमांकाच्या रायडरचे 150 गुण आहेत. 300 गुणांचा माणूस घेतला तर बेरीज 300 ने वाढत नाही. विसावा यादीतून गळतो आणि निव्वळ भर पडते 150 ची. हा झाला सरळ हिशेब. खरी गोम पुढे आहे: नवा माणूस नव्या संघात तेवढेच गुण आणेल का? आधीच्या संघात तो नेता होता, इथे त्याला डोंगराच्या पायथ्यापर्यंत दुसऱ्यासाठी पुढे वारा कापत ओढायचं असेल, तर 1,500 चे 500 व्हायला एक हंगाम पुरतो. म्हणून शहाणे संघ एकूण आकडा बघत नाहीत, तो कुठून आला ते बघतात. एकाच मोठ्या विजयातून आला की वर्षभर पाचव्या ते बाराव्या क्रमांकांतून? पहिल्या प्रकारचा रायडर महाग पडतो आणि बेभरवशाचा असतो. दुसऱ्या प्रकारच्या रायडरचं नाव कुणाला माहीत नसतं, पण खाली घसरण्यापासून संघ वाचतो तो अशाच चार-पाच जणांमुळे.

गुणतक्त्याचा परिणाम थेट भरतीवर होतो. 2022 पर्यंत 1.1 दर्जाची (वर्ल्डटूरच्या खालच्या पातळीवरची) एक दिवसाची शर्यत जिंकली तर 125 गुण मिळत आणि टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकला तर 120. मग घसरणीच्या भीतीने ग्रासलेल्या संघाने काय करावं? लोटोने आर्नो द लीला त्या वर्षी लहान एकदिवसीय शर्यतींत फिरवलं आणि तो भराभर जिंकत गेला. तरीही संघ खाली गेलाच. 2023 पासून टूरच्या टप्प्याचे 210 झाले, टूर जिंकल्याचे 1,000 वरून 1,300, आणि मिलान-सान रेमो किंवा पारी-रूबेसारख्या पाच मॉन्युमेंट (सर्वांत प्रतिष्ठेच्या एकदिवसीय) शर्यतींतल्या विजयाचे 500 वरून 800. त्याबरोबर लहान शर्यतींच्या शिकाऱ्यांचा भाव उतरला.

‘पाच वर्षांचा करार म्हणजे पाच वर्षांची हमी’

हमी असते संघ चालू असेपर्यंत. संघाकडे स्टेडियम नाही, तिकीटविक्री नाही, टीव्हीच्या पैशातला नाव घेण्याजोगा वाटा नाही. टूर जिंकणाऱ्याला 5 लाख युरो बक्षीस मिळतं आणि तेही साथीदार-कर्मचाऱ्यांत वाटून टाकायची रीत आहे. म्हणजे सगळी मदार स्पॉन्सरवर. एचटीसी-हायरोड विजयांच्या राशी ओतत होता, मार्क कॅव्हेंडिशने 2011 च्या टूरमध्ये हिरवी जर्सीही (टूरमधल्या गुणांत अव्वल ठरणाऱ्याची) मिळवली, आणि त्याच वर्षाअखेर संघ बंद झाला. नवा स्पॉन्सर मिळाला नाही, बस्स.

संघ केव्हा बुडतो यावरही बरंच ठरतं. ऑगस्टात कळलं तर इतरांकडे जागा असतात. बी अँड बी हॉटेल्स संघाचा स्पॉन्सर मिळवण्याचा डाव फसला तो डिसेंबर 2022 मध्ये. तोवर इतर संघांच्या तिसेक जणांच्या याद्या भरल्या होत्या, बजेट वाटून झालं होतं. तिथे जाण्याच्या बेतात असलेल्या कॅव्हेंडिशला जानेवारी 2023 मध्ये अस्तानाने घेतलं (2024 मध्ये टूरमधला विक्रमी 35 वा टप्पा त्याने याच संघाकडून जिंकला). ऑड्रे कॉर्दों-रागोचं नशीब आणखी खडतर. ती बी अँड बीच्या नियोजित महिला संघात जाणार होती. तो बारगळल्यावर झाफ संघात गेली. तिथे पगारच थकले, आणि 2023 चा हंगाम सुरू असतानाच तिला ह्यूमन पॉवर्ड हेल्थकडे जावं लागलं.

वर्ल्डटूर संघांना वार्षिक पगाराच्या सुमारे पाव हिश्श्याची बँक गॅरंटी ठेवावी लागते. पाव हिस्सा म्हणजे तीन महिने. करार 2028 पर्यंतचा असो वा 2030 पर्यंतचा, संघ बुडाला तर हाती भरवशाचं तेवढंच. पहिल्यांदा व्यावसायिक होणाऱ्या तरुणाला किमान दोन वर्षांचा करार द्यावा लागतो, ते संरक्षणही संघ टिकला तरच कामाचं.

मात्र संघ भक्कम असेल तर लांब करार खरोखर तारतो. एगान बेर्नालने इनिओसशी 2026 पर्यंत करार वाढवला आणि त्याच महिन्यात, 24 जानेवारी 2022 ला, सराव करताना तो थांबलेल्या बसवर मागून आदळला. वर्षभराचा करार असता तर पुढच्या हंगामाची बोलणी त्याला अंथरुणातून करावी लागली असती. उलट बाजूही आहे. विशीत पाच वर्षांवर सही केली आणि दुसऱ्याच वर्षी भाव तिप्पट झाला, तर तोच करार बेडी होतो. म्हणून चांगला एजंट रकमेइतकीच घासाघीस अटींवर करतो: संघाने वर्ल्डटूरची जागा गमावली तर बाहेर पडता येईल का, टूरच्या यादीत जागा नक्की का, पगार कर्मचारी म्हणून की स्वतंत्र व्यावसायिक म्हणून. शेवटच्या प्रकारात विमा-पेन्शनचा भार रायडरवर येतो, म्हणून नियमातलं किमान वेतनही तिथे बरंच जास्त ठेवलेलं आहे. घोषणेतला मोठा आकडा बघताना हे ध्यानात नसलं तर तुलना फसते.

‘चांगला माणूस श्रीमंताकडेच जातो’

पैशाने यादी भरते हे खरंच. पण नेत्याची जागा एका शर्यतीत एकच असते. तादेई पोगाचार 2030 पर्यंत यूएई संघात आहे म्हटल्यावर तिथे टूर जिंकायचं स्वप्न दुसऱ्या कुणी बघायचं तरी कसं? हुआन आयुसोचा तिथला करार 2028 पर्यंत होता. 2025 च्या व्हुएल्टा या स्पेनमधल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीदरम्यानच तो तोडल्याची घोषणा झाली आणि तो लिडल-ट्रेककडे गेला. टॉम पिडकॉक तर करार 2027 पर्यंत असताना डिसेंबर 2024 मध्ये इनिओस सोडून खालच्या श्रेणीतल्या क्यू36.5 संघात गेला. तिथे संघ त्याच्याभोवती बांधला गेला, आणि 2025 च्या व्हुएल्टामध्ये विंगेगार्ड आणि आल्मेडा यांच्यापाठोपाठ तो तिसरा आला.