ख्रिसमस ट्रीचं मूळ: एका फॉरवर्डची झडती

डिसेंबर लागला की ख्रिसमस ट्रीवरचा एक फॉरवर्ड हमखास येतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण दावे तेच. हे झाड म्हणजे रोमन आणि ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित) लोकांची वृक्षपूजा, ती चर्चनं चोरली. बायबलमध्येच झाडाला मनाई आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं त्यावर पहिल्या मेणबत्त्या लावल्या. व्हिक्टोरिया राणीचा जर्मन नवरा प्रिन्स अल्बर्टनं ते इंग्लंडात नेलं. आणि शेपटाला कधी कधी असंही जोडलेलं असतं की, पोर्तुगीज मिशनऱ्यांनी चारशे वर्षांपूर्वी ते आपल्या किनाऱ्यावर उतरवलं.

आधी रोमन. सॅटर्नेलियाचा सण १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि हिवाळ्यातल्या सणांना रोमन लोक दारावर हिरवी पानं लावायचे, हे खरं. इ. स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तर्तुलियननं ख्रिस्ती लोकांना झापलंही होतं की, दिवे आणि लॉरेलच्या माळा आता तुमच्याच दारांवर जास्त दिसतात. पण चौकटीला डहाळी लावणं निराळं आणि दिवाणखान्यात आख्खं फरचं (सूचिपर्णी) झाड उभं करणं निराळं. या दोहोंमध्ये हजाराहून अधिक वर्षांची पोकळी आहे आणि फॉरवर्ड ती एका वाक्यात ओलांडतो. ड्रुइडांनी स्वतःबद्दल काहीच लिहून ठेवलेलं नाही. रोमन लेखक प्लिनी त्यांच्याबद्दल सांगतो, पण ओक आणि त्यावर वाढणाऱ्या मिसलटो या बांडगुळाविषयी. फरचा तिथं पत्ता नाही.

मग झाड आलं कुठून? त्याचा माग धर्मग्रंथांत नाही, नगरपालिकांच्या दप्तरात लागतो. ऱ्हाइन नदीकाठी अल्सास नावाचा प्रांत आहे, आज फ्रान्समध्ये, तेव्हा जर्मन भाषेचा. तिथल्या सेलेस्ता गावच्या हिशेबवहीत १५२१ साली एक खर्च टाकलाय: संत थॉमसच्या दिवसापासून, म्हणजे २१ डिसेंबरपासून, जंगलातली झाडं राखणाऱ्यांना चार शिलिंग. म्हणजे नाताळासाठी झाडं तोडायला लोकांची झुंबड उडत होती आणि पहारा बसवावा लागत होता. जवळच्याच अमर्श्वीरनं १५६१ मध्ये नियम केला की नाताळाला प्रत्येक नागरिकाला एकच झाड, तेही आठ पावलांच्या मापाहून लांब नको. (हौस आणि नगरपालिकेची बंदी ही जोडगोळी तेव्हाही होतीच.) १६०५ मधलं स्ट्रासबुर्गचं एक वर्णन तर फोटो काढावा इतकं स्पष्ट आहे: बैठकीच्या खोलीत फर उभे, त्यावर रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ बिस्किटं, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई.

सफरचंदंच का? २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा स्मरणदिन. त्या वेळच्या नाटकांत एदेन बाग दाखवायला हिरव्या झाडाला सफरचंदं टांगत. बरेच अभ्यासक घरातल्या झाडाचं एक मूळ इथं धरतात आणि मलाही ते पटतं, कारण काळ आणि प्रदेश दोन्ही जुळतात.

‘चर्चनं चोरलं’ हे तर उलटंच आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला स्ट्रासबुर्गचा ल्यूथरपंथी धर्मपंडित डानहाउअर या झाडावर वैतागलेला दिसतो. बाहुल्या आणि साखर टांगण्याची ही पद्धत आली कुठून कोण जाणे, हा पोरखेळ आहे, असं तो लिहितो. चोरीचा माल घेणारा असा तक्रार करत बसत नाही. कॅथलिक घरांत बराच काळ गोठ्यालाच, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यालाच, मान होता. व्हॅटिकनच्या चौकात नाताळचं झाड उभं राहिलं ते थेट १९८२ मध्ये.

बायबलमधली मनाई म्हणून त्यातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दहावा अध्याय दाखवतात: झाड तोडतात, चांदी-सोन्यानं मढवतात, खिळ्यांनी ठोकतात. पुढचं मात्र कोणी वाचत नाही. तिथं सुतारानं घडवलेल्या, बोलता-चालता न येणाऱ्या लाकडी मूर्तींची गोष्ट चालली आहे, आणि ती ख्रिस्तजन्माच्या सहाशे वर्षं आधीची.

ल्यूथर १५४६ मध्ये वारला. त्याच्या मेणबत्त्यांना समकालीन आधार शून्य. १६०५ च्या त्या वर्णनातसुद्धा मेणबत्त्या नाहीत. ही कथा एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी घरोघरी पोचवली.

अल्बर्टच्या आधी, १८०० च्या डिसेंबरात, तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट हिनं विंडसरला झाड सजवलं होतं. अल्बर्टच्या वाट्याचं श्रेय प्रसिद्धीचं. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानं राजघराण्याचं झाडाभोवतीचं चित्र छापलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मासिकानं तेच चित्र घेतलं, पण व्हिक्टोरियाचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा उडवून. झालं अमेरिकन कुटुंब तयार!

राहिले पोर्तुगीज. गोवा त्यांच्याकडे १५१० मध्ये गेला, वसई १५३४ मध्ये. खुद्द लिस्बनच्या राजवाड्यात झाड आलं ते राणी दुसऱ्या मारियाचा जर्मन नवरा फर्नांदो याच्यामुळे. तो अल्बर्टचा चुलतभाऊ, लग्न १८३६ चं. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली १७३९ मध्ये, म्हणजे त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. जे पोर्तुगालातच नव्हतं ते वसईला कुठून उतरणार? म्हणूनच गोव्यात आणि वसईत नाताळच्या सजावटीच्या स्पर्धा आजही गोठ्यांच्या आणि कागदी चांदण्यांच्या असतात. आणि आपल्याकडे नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळतो तो बहुतेक वेळा अरौकेरिया असतो, दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवरचा.